आवडीचा खर्च कोण भरतो?

१९१२ साली मुंबईत ग्रँट रोडच्या एका हॉटेलात अण्णा साळुंके नावाचा तरुण दहा रुपये महिन्यावर आचाऱ्याचे काम करत होता. त्याच सुमारास धुंडिराज गोविंद फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ या आपल्या पहिल्या चित्रपटासाठी तारामतीच्या शोधात वणवण फिरत होते. पडद्यावर यायला कोणतीही स्त्री राजी नव्हती. नाचगाण्यावर पोट भरणाऱ्या बायकांनीही नकार दिला होता. शेवटी नाजूक बांध्याचा हा आचारी फाळक्यांच्या नजरेत भरला. त्यांनी त्याला पंधरा रुपये देऊ केले आणि तो तारामती व्हायला तयार झाला.

साळुंक्यांना तिथे आणले ते वाढीव पाच रुपयांनी. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या, आणि नंतर कॅमेऱ्यामागे उभे राहून कितीतरी चित्रपटांचे छायाचित्रण केले. पगारासाठी आलेला माणूस कलावंत झाला. त्यांना पगार देणाऱ्या माणसाने मात्र आवडीपायी घरातले होते नव्हते ते सगळे पणाला लावले होते.

आवडीचे काम निवडावे की पगाराचे, हा प्रश्न बारावीच्या निकालानंतर घराघरांत निघतो. नाशिकमध्ये त्याला स्थानिक रंगही असतो. नाशिकरोडच्या नोटांच्या आणि मुद्रांकांच्या छापखान्यांत, ओझरच्या विमान कारखान्यात, सातपूर-अंबडच्या कंपन्यांत ‘चिकटलेल्या’ एका पिढीने त्या पगारावर घरे बांधली, मुले शिकवली, बहिणींची लग्ने केली. त्या पिढीतला बाप मुलाला म्हणतो, आधी पोटापाण्याचे बघ. मुलगा म्हणतो, मन लागेल तेच करीन, पैसा मागून येईल. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण एक बाब दोघेही विचारात घेत नाहीत. कुठल्याही आवडीला खर्च असतो: पैशाचा, वर्षांचा, झोपेचा, घरच्यांच्या कष्टाचा. तो खर्च कोणीतरी भरतोच. कोण भरणार, हे ठरवल्याशिवाय आवड की पगार या वादाचा निकाल लागू शकत नाही. नाशिक जिल्ह्याने गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या प्रश्नाची इतकी निरनिराळी उत्तरे दिली आहेत, की ती शेजारी शेजारी ठेवून पाहिली तरी बरेच काही उलगडते.

फाळक्यांचा जमाखर्च

दादासाहेब फाळके यांची गोष्ट आपल्याला साधारण अशी सांगितली जाते: एका माणसाने ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला, तो झपाटला, आणि त्याने भारतीय चित्रपट जन्माला घातला. हे खरे आहे, पण यात आधीची पंचवीस वर्षे गळून जातात.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरात जन्मलेले फाळके १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तिथून ते बडोद्याच्या कलाभवनात गेले. चित्रकला, शिल्पकाम, छायाचित्रण असे जे जे हाताला लागेल ते शिकत राहिले. गोध्र्याला त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला. तिथे प्लेगने त्यांची पहिली पत्नी आणि मूल हिरावले. त्यांनी जादूचे प्रयोगही शिकून घेतले. १९०३ मध्ये ते पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून लागले. ही सरकारी नोकरी त्यांनी स्वदेशीच्या वाऱ्यात सोडली आणि लोणावळ्याला छपाईचा कारखाना काढला. १९०९ मध्ये रंगीत छपाईचे तंत्र आणि यंत्रे पाहण्यासाठी ते जर्मनीला जाऊन आले. मग भागीदारांशी बिनसले आणि तो धंदाही सुटला.

गिरगावातल्या तंबूत ख्रिस्ताचा चित्रपट पाहिला तेव्हा ते चाळिशीला आले होते. पण त्या क्षणी त्यांच्यापाशी नुसती ओढ नव्हती. पडद्यावर काय दिसते ते चित्रकाराच्या डोळ्याने, ते कसे उमटते ते छायाचित्रकाराच्या डोळ्याने आणि ते कसे भासवायचे ते जादूगाराच्या डोळ्याने पाहू शकेल, असा माणूस तेव्हा मुंबईत विरळाच. यंत्र खोलून समजून घेण्याची सवय छापखान्यातली. देवळे-लेण्यांच्या रचनेची जाण पुरातत्त्वाच्या कामातली. म्हणजे त्यांच्या आवडीखाली पंचवीस वर्षांचे भांडवल होते, आणि त्यातला मोठा भाग पगाराच्या आणि धंद्याच्या कामांतून जमलेला होता. ‘सगळे सोडून आवडीमागे धावा’ असा सल्ला देताना फाळक्यांचे नाव घेणारे हे भांडवल मोजत नाहीत.

पुढचा खर्च मात्र अंगावर येणारा होता. सिनेमाचा अभ्यास करताना सततची जागरणे आणि डोळ्यांवरचा ताण यामुळे त्यांची दृष्टी काही काळ गेली. उपचारांनी ती परत आली. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून त्यांनी पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठले. तिथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना मदत केली, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांनी काम पाहिले, विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवली आणि ते परतले. भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसावा म्हणून कुंडीतल्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने टिपून त्यांनी एक छोटी फिल्म केली. तरीही पत्नीचे दागिने गहाण पडायचे टळले नाही. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांसाठी आणि ३ मे रोजी कॉरोनेशनमध्ये जनतेसाठी ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला गेला.

त्याच वर्षी ते नाशिकला आले आणि इथे त्यांनी आपला चित्रपटांचा संसार थाटला. ‘लंकादहन’ने बक्कळ पैसा दिला. १९१८ मध्ये भागीदारांसह हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. भांडवल आले तसे हिशेबही आले, खर्चावरून आणि अधिकारावरून खटके उडाले. फाळके कंपनी सोडून काशीला गेले, तिथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले, मग परत आले. पण काळ बदलत होता. १९३२ चा त्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपटाच्या पद्धतीने तयार झाला तेव्हा पडदा बोलू लागला होता. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले, ते हलाखीत आणि बऱ्याच अंशी विस्मृतीत. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला तो १९६९ मध्ये, मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी.

देशाला या माणसाने काय दिले याचे मोल करता येत नाही. पण जो माणूस एक उद्योग उभा करून जातो, त्याच्या वाट्याला म्हातारपणी विवंचना यावी, हे आवडीचे अटळ भागधेय मानून गौरवायचे कारण नाही. त्यात व्यवहाराच्या ज्या चुका झाल्या त्या टाळता येण्यासारख्या असतात, आणि त्या टाळायला शिकणे ही आवडीशी प्रतारणा ठरत नाही.

सरस्वतीबाईंचा वाटा

या जमाखर्चात सर्वांत मोठी रक्कम ज्यांच्या नावावर पडते त्या सरस्वतीबाई फाळके. दागिने त्यांचे गहाण पडले हे सर्वांना माहीत असते. पण त्यांनी रात्री अंधाऱ्या खोलीत बसून कच्च्या फिल्मच्या कडांना भोके पाडली, फिल्म धुण्याची रसायने हाताळली, उन्हात पांढऱ्या चादरी धरून चेहऱ्यांवर उजेड पाडला आणि कलाकार-कामगारांच्या अख्ख्या ताफ्याला रोज जेवू घातले. मुले सांभाळली ती वेगळीच. या कशाचाही पगार नव्हता. त्या खुशीने सहभागी झाल्या, पतीच्या बरोबरीने शिकल्या. त्यांना बळी म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. पहिल्या भारतीय चित्रपटाच्या त्या पहिल्या तंत्रज्ञ होत्या, असेच म्हटले पाहिजे.

तरीही त्यांच्या उदाहरणातून एक कसोटी हाती लागते. आपल्याकडे ‘मी आवडीसाठी नोकरी सोडली’ असे जेव्हा कोणी अभिमानाने सांगतो, तेव्हा त्या वाक्याच्या मागे बहुतेक वेळा कोणाचा तरी दुसरा पगार असतो: शिक्षिका पत्नीचा, निवृत्त वडिलांच्या पेन्शनचा, गावाकडच्या शेतीचा. यात लाज वाटण्याजोगे काही नाही. मात्र तो पगार देणाऱ्याला विचारले गेले होते का, किती वर्षांसाठी विचारले होते, आणि ती वर्षे संपल्यावर काय होणार होते, हे तीन प्रश्न घरात मोठ्याने बोलले गेले पाहिजेत. सरस्वतीबाई होकार देऊन कामात उतरल्या होत्या. न विचारता घेतलेला होकार म्हणजे उसनवारी, आणि ती फेडावी लागते.

घरच्या पाठबळाचे रूप निरनिराळे असते. राजीव सामंत कॅलिफोर्नियातली ऑरॅकलमधली नोकरी सोडून नाशिकला आले तेव्हा इथे कुटुंबाची जमीन होती. त्यांनी आंबा, गुलाब, खायची द्राक्षे असे प्रयोग करून पाहिले आणि २००० साली सुलाची पहिली वाइन बाजारात आणली. जमिनीच्या आधाराने काही वर्षे चुकायची मुभा मिळाली. ज्याच्याकडे एकराचा तुकडाही नाही त्याने तशीच उडी घ्यावी असे सांगणे म्हणजे त्याच्या पायाखाली काय आहे ते न पाहता सांगणे होय.

मालेगावचा शुक्रवार

नाशिक जिल्ह्यातच, शहरापासून शंभरेक किलोमीटरवर, याच सिनेमाच्या वेडाचे अगदी वेगळे गणित मांडले गेले. मालेगाव हे यंत्रमागांचे गाव. शुक्रवार सुट्टीचा दिवस, आणि तो सिनेमाचाही दिवस. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ हा विडंबनपट बनवला. कलाकार गावातलेच: कोणी मागावर काम करणारे, कोणी दुकानदार. पैसे थोडे, युक्त्या मात्र अफाट. कॅमेरा पुढे सरकवायला सायकल, वर उचलायला बैलगाडी. याच मंडळींवर फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला आणि तो जगभर पाहिला गेला. त्यात सुपरमॅन झालेले शफीक शेख स्वतः यंत्रमाग कामगार होते.

मालेगावकरांनी माग सोडला नाही. मागाने पोट भरले आणि शुक्रवारने मन. त्यांच्या हौसेचा खर्च त्यांच्याच मजुरीतून गेला, म्हणून तो आटोक्यात राहिला. चित्रपट पडला तरी घरात चूल पेटणार होती. या सुरक्षिततेमुळेच ते मोकळेपणाने वेडेपणा करू शकले. कर्जाखाली दबलेला दिग्दर्शक सुपरमॅनला बैलगाडीवरून उडवायचे धाडस सहसा करत नाही.

या पद्धतीच्या बाजूने अभ्यासही उभा आहे. जोसेफ रॅफी आणि जी फेंग या दोघांनी अमेरिकेतल्या दीर्घकालीन पाहणीची माहिती तपासून २०१४ मध्ये निष्कर्ष मांडला: ज्यांनी नोकरी सांभाळून धंद्याला सुरुवात केली आणि तो रुळल्यावर नोकरी सोडली, त्यांचा धंदा बंद पडण्याची शक्यता एका झटक्यात नोकरी सोडणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी होती. कारण समजण्यासारखे आहे. नोकरी असताना माणूस धंद्याची आणि स्वतःची परीक्षा घेऊ शकतो. परीक्षेत नापास झाला तर गावात तोंड दाखवायला जागा राहते, आणि पास झाला तर राजीनामा भीतीने नाही, खात्रीने दिला जातो.

याचे घरगुती, मराठी आणि नाशिकचेच उदाहरण म्हणजे नाटककार वसंत कानेटकर. शहरातल्या हं. प्रा. ठा. महाविद्यालयात ते इंग्रजीचे प्राध्यापक होते. ‘वेड्याचं घर उन्हात’ १९५७ चे, ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ १९६२ चे, ‘अश्रूंची झाली फुले’ १९६६ चे. हे सगळे लेखन वर्गावर शिकवता शिकवता झाले. त्यातल्या शेवटच्या नाटकाचा नायकच प्राध्यापक आहे. नोकरीने कानेटकरांना महिन्याचा पगार दिला, शिवाय विद्यार्थी, ग्रंथालय, इंग्रजी नाटकांचा सहवास आणि लिहायला विषयही दिला. पगाराची नोकरी आवडीचा वेळ खाते, ही तक्रार पुष्कळदा खरी असते. पण नोकरी आवडीच्या शेजारची निवडली तर ती आवडीला खतपाणीही घालते.

आधी वर्दी, मग वल्ही

आतापर्यंतची माणसे अशी, की त्यांना काय आवडते हे माहीत होते. पण बहुतेक तरुणांची अडचण निराळी असते: त्यांना आपली आवड कोणती हेच ठाऊक नसते, आणि ते नसणे हा जणू दोष आहे असे त्यांना वाटू लागते. त्यांच्यासाठी चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळ यांची कहाणी फार मोलाची आहे.

हा अवर्षणाचा पट्टा. दत्तू यांचे वडील विहिरी खोदायचे आणि दत्तूही त्यांच्याबरोबर त्या कामावर जायचे. वडिलांच्या निधनानंतर घराचा भार अंगावर आला आणि २०१२ मध्ये ते लष्करात भरती झाले, ते पगारासाठी. पुण्याच्या खडकीतल्या बॉम्बे सॅपर्समध्ये त्यांची उंची प्रशिक्षकांच्या डोळ्यांत भरली आणि त्यांना रोइंगच्या नावेत बसवले गेले. ज्या गावात प्यायच्या पाण्याची भ्रांत, तिथल्या मुलाला नौकानयनाची आवड असणार तरी कुठून? त्यांना तर पाण्याची भीती वाटायची. पण रोजच्या सरावातून हात बसला, हात बसला तसा रस वाढला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रोइंगमधले ते भारताचे एकटे प्रतिनिधी होते आणि एकेरी स्कल्समध्ये तेरावे आले. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये चौघांच्या संघात त्यांनी सुवर्णपदक जिंकले.

इथे आवडीचा खर्च लष्कराने भरला: पगार, आहार, प्रशिक्षक, नाव आणि सरावाचा वेळ. आणि आवड आली ती सर्वांत शेवटी, कौशल्याच्या पाठोपाठ.

त्र्यंबकच्या आदिवासी भागातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांच्याकडे पाहिले तर हाच धागा वेगळ्या बाजूने दिसतो. धावणे हा असा खेळ, की सुरुवातीला अनवाणी पायांशिवाय त्याला काही विकत घ्यावे लागत नाही. गरीब घरातली मुलगी टेनिस निवडत नाही, कारण तिच्या पुढ्यात टेनिस नसतेच. आवडसुद्धा परवडणाऱ्या गोष्टींतूनच निवडली जाते. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत कविता यांनी दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडमध्ये रौप्य मिळवले. त्यांच्या धावण्याला ओएनजीसीच्या नोकरीचा आधार मिळाला. सार्वजनिक उद्योगांमधल्या खेळाडूंसाठीच्या नोकऱ्यांनी या देशात किती आवडी जगवल्या, याचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा.

दत्तू यांच्या अनुभवाला मानसशास्त्राचा दुजोरा आहे. पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी २०१८ मध्ये प्रयोगांची एक मालिका प्रसिद्ध केली. काही जण मानतात की आवड आत दडलेली असते, ती फक्त शोधायची असते. काहींना वाटते की आवड हळूहळू घडते. दोन्ही प्रकारच्या विद्यार्थ्यांना कृष्णविवरांवरची एक सुंदर चित्रफीत दाखवली तेव्हा दोघेही भारावले. मग त्याच विषयावरचा किचकट शास्त्रीय लेख वाचायला दिला. ‘आवड शोधायची असते’ मानणाऱ्यांचा उत्साह जास्त घसरला. अवघड गेले म्हणजे ही आपली आवड नव्हेच, असे ते चटकन ठरवून टाकतात.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराला हे वेगळे सांगावे लागत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीने हातात एक रुपया येत नाही. मजुरी, खत, पाणी यांचा नुसता खर्च. पण त्या छाटणीत काडी तयार झाली नाही, तर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड लागत नाहीत. कुठल्याही कामाची पहिली तीन-चार वर्षे ही खरड छाटणीची असतात. तेवढ्यावरून ‘हे मला आवडत नाही’ असा निकाल देणे घाईचे होते.

सेवाभावाच्या नावाखाली

एक खर्च असा आहे, जो आवड असलेला माणूस स्वतःच्या खिशातून भरतो आणि त्याला ते कळतही नाही. स्टुअर्ट बंडर्सन आणि जेफ्री थॉम्प्सन यांनी २००९ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या प्राणिसंग्रहालयांत प्राण्यांची निगा राखणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे लोक शिकलेले, काम घाणीचे, पगार तुटपुंजा. पण प्राण्यांची सेवा हे आपले जीवितकार्य आहे असे त्यातले पुष्कळजण मानत. त्या भावनेने त्यांच्या आयुष्याला अर्थ दिला, हे खरे. पण ज्यांची भावना जितकी तीव्र, तितके ते पगार, सवड आणि सुखसोयींवर पाणी सोडायला तयार होते. आणि म्हणून व्यवस्थापनाला त्यांची पिळवणूक करणेही सोपे जात होते.

हे वाचताना महाराष्ट्रातल्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांची आठवण येते. पीएच.डी. करून, सेट-नेट होऊन माणूस तासांवर शिकवतो, सुट्ट्यांचे पैसे मिळत नाहीत, पुढच्या वर्षी नाव यादीत असेल याची शाश्वती नाही. विनाअनुदानित शाळांत अनुदानाची वाट पाहत वर्षानुवर्षे शिकवणारे शिक्षक आहेत. राज्यात २००० साली सुरू झालेल्या शिक्षण सेवक योजनेत नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे मानधनावर काढायची. प्राथमिकसाठी हे मानधन कित्येक वर्षे सहा हजार रुपये होते, ते २०२३ मध्ये सोळा हजार झाले. ही माणसे टिकली ती शिकवण्याच्या ओढीने, आणि व्यवस्थेने त्या ओढीवर आपला खर्च वाचवला. परिचारिका, आशा सेविका, पत्रकार, नाट्यकर्मी यांचीही हीच तऱ्हा. कामावर प्रेम करणाऱ्याला कमी पैसे दिले तरी चालतात, हा समज अन्यायाचा आहे. ‘तुला आवडतंय ना, मग पैशाचं काय एवढं’ हे वाक्य ज्याला ऐकवले जाते, त्याने तिथेच सावध व्हावे. आवड ही कामाची गुणवत्ता वाढवते. मग तिचे मोल वाढायला हवे, घटायला नको.

याच्या उलट ज्यांनी दुसऱ्याच्या आवडीचा खर्च समजून-उमजून उचलला, त्यांची नावे आदराने घ्यावीत. तरुण वि. वा. शिरवाडकर, म्हणजेच कुसुमाग्रज, नाशिकमध्ये चित्रपट कंपनीत आणि नंतर वृत्तपत्रांत नोकऱ्या करत लिहीत होते. १९४२ मध्ये त्यांचा ‘विशाखा’ हा संग्रह वि. स. खांडेकर यांनी स्वतः पैसे घालून छापला. पंचेचाळीस वर्षांनी कुसुमाग्रजांना ज्ञानपीठ मिळाले. एका लेखकाने दुसऱ्याच्या आवडीत वेळेवर घातलेला तो पैसा सबंध भाषेला लाभला.

पगार कुठवर पुरतो

मग भरपूर पगार हेच उत्तर मानायचे का? टिमोथी जज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये या विषयावरच्या अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. पगाराची रक्कम आणि कामातले समाधान यांच्यातला संबंध त्यांना फार क्षीण आढळला: सहसंबंध अवघा ०.१५. समाधानातल्या फरकांपैकी जेमतेम दोन टक्के फरक पगारावरून समजू शकतो, असा याचा अर्थ. भाडे, औषध, शाळेची फी यांची चिंता मिटवण्यासाठी पगार लागतोच, आणि ज्याची ती चिंता मिटलेली नाही त्याला समाधानावर व्याख्यान देण्याचा अधिकार कोणाला नाही. पण ती चिंता मिटल्यानंतर माणूस आपल्या कामाकडे इतर गोष्टींसाठी पाहू लागतो: आपल्या डोक्याने काही करता येते का, हात सुधारतो आहे का, बरोबरची माणसे कशी आहेत, या कामाने कोणाचे भले होते का.

पैशाचा एक धोकाही नोंदवला पाहिजे. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्रे काढायला आवडणाऱ्या लहान मुलांवर प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितले की चित्र काढलेत तर बक्षीस मिळेल. काही दिवसांनी वर्गात रंगीत पेन मोकळे ठेवले तेव्हा ही मुले इतरांच्या निम्माच वेळ चित्रे काढत बसली. ज्यांना बक्षीस अचानक मिळाले होते त्यांची आवड मात्र शाबूत होती. म्हणजे पैसा आवडीला मारतो असे सरसकट म्हणता येत नाही. ‘इतके केलेस तर इतके’ हा सौदा आवडीच्या जागी बसला, की ती आटते. म्हणून प्रत्येक आवडीचा धंदा करायलाच हवा असे नाही. रविवारी तबला वाजवणाऱ्याने तो रविवारचाच ठेवला, तर त्यात कमीपणा मानू नये.

घरात बसून मांडायचा हिशेब

बारावीचा निकाल लागलेल्या घरासाठी, आणि पस्तिशीत राजीनामा खिशात घेऊन फिरणाऱ्यासाठीही, यातून काही ठोस गोष्टी निघतात.

पहिली, घराचा महिन्याचा किमान खर्च कागदावर लिहावा आणि आवडीच्या कामातून तो भागेपर्यंत किती महिने जातील याचा अंदाज बांधावा. तेवढ्या महिन्यांचा खर्च कोणाच्या नावावर, हे त्या माणसाच्या समोर बसून ठरवावे. दुसरी, आवडीसाठी लागणारे कौशल्य आधी कोणत्या पगारी कामात शिकता येईल ते शोधावे. फाळक्यांना छापखान्याने आणि कानेटकरांना वर्गाने जे दिले ते शोधावे. तिसरी, शक्य तितके दिवस नोकरी आणि आवड दोन्ही चालवून पाहावे, आणि मुदत ठरवूनच पाहावे, नाहीतर ‘पुढच्या वर्षी’ म्हणता म्हणता निवृत्ती येते. चौथी, आवड सापडत नसेल तर पगाराचे एखादे प्रामाणिक काम मन लावून शिकावे. हात बसल्यावर रस येण्याची शक्यता चांगली असते. पाचवी, आवडीच्या कामाचेही पैसे ठणकावून मागावेत.

आणि आईवडिलांसाठी एक विनंती. मुलगा किंवा मुलगी वेगळी वाट मागते तेव्हा ‘त्यात पैसा किती’ हा प्रश्न जरूर विचारा, तो विचारण्याचा तुमचा हक्क आहे. पण त्याच्या पुढचाही प्रश्न विचारा: ‘यासाठी आमच्याकडून तुला काय लागेल आणि किती दिवस?’ पहिल्या प्रश्नावर वाद होतो. दुसऱ्या प्रश्नावर बोलणी सुरू होतात, आणि बोलण्यांतून दोन वर्षांची मुदत, अर्ध्या दिवसाची नोकरी, मामाची रिकामी खोली असे मार्ग निघतात.

आवडीची आणि पगाराची जोडी जमवणे काही थोड्यांच्या नशिबी आपोआप येते. बाकीच्यांना ती घडवावी लागते. ती घडते तेव्हा तिच्यामागे कोणाची तरी मजुरी, कोणाचा तरी पगार, कोणाची तरी संस्था उभी असते. ज्या समाजात हा खर्च वाटून घेतला जातो, खेळाडूला नोकरी, संशोधकाला शिष्यवृत्ती, शिक्षकाला वेळेवर पूर्ण पगार मिळतो, तिथे विहीर खोदणाऱ्याच्या मुलालाही स्वतःचे काम निवडता येते. हा खर्च जिथे प्रत्येक घराच्या एकट्याच्या माथी मारला जातो, तिथे निवड फक्त पैसेवाल्यांना करता येते. म्हणून आपापल्या घरात हिशेब मांडून झाल्यावर, हा दुसरा हिशेब महाविद्यालयांकडे, कंपन्यांकडे आणि सरकारकडेही मागितला पाहिजे.